सोयाबीन खरंच किती खाल्लं जातं? एफएओच्या अन्न ताळेबंदाचा चार वर्षांचा अनुभव

चार वर्षं झाली मी फाओस्टॅट वापरतेय. एफएओची, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेची, फुकट आकडेवारीची सेवा आहे ही. त्यातला फूड बॅलन्स शीट हा भाग, मी त्याला अन्न ताळेबंदच म्हणते, आणि त्यातही माझं सगळ्यात जास्त काम एकाच ओळीशी पडतं, सोयाबीनच्या. आहारशास्त्र शिकवते, त्यामुळे अमुक देशात सोयाबीन खाणं वाढलं की कमी झालं हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच, आणि त्याचं उत्तर द्यायला साठ वर्षांचा सलग हिशोब दुसरीकडे कुठे इतक्या सहज मिळत नाही. म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू, कारण ही सेवा मला मनापासून आवडते, आणि ती चुकीची वाचली तर काय काय घोळ होतात तेही मी जवळून बघितलंय.

आधी मिळतं काय ते सांगते. १९६१ पासूनचे आकडे, जवळजवळ सगळे देश, लॉगिन नाही, पैसे नाहीत. देश निवडा, वस्तू निवडा, वर्षं निवडा, फाइल डाउनलोड करा. सोयाबीन निवडलं की उत्पादन, आयात, निर्यात, साठ्यातला फरक, मग पशुखाद्य, बियाणं, नासाडी, प्रक्रिया, इतर वापर आणि खाण्यासाठी, असे सगळे कप्पे वेगवेगळे येतात, आणि शेवटी माणशी वर्षाला किती किलो, दिवसाला किती कॅलरी, किती ग्रॅम प्रोटीन, किती फॅट. बहुतेक लोक थेट शेवटच्या आकड्यावर उडी मारतात आणि ग्राफ काढून मोकळे होतात. माझं म्हणणं एवढंच आहे की शेवटचा आकडा एकटा कधीच वाचू नका, वरच्या सगळ्या कप्प्यांसकट वाचा, कारण या सेवेची खरी किंमत त्या कप्प्यांत आहे.

हे पटवायला मी वर्गात एक काल्पनिक देश घेते, १० कोटी लोकसंख्येचा. समजा तिथे २ लाख टन सोयाबीन पिकलं, ३० लाख टन बाहेरून आलं, ५० हजार टन बाहेर गेलं आणि ५० हजार टन गोदामात पडलं. झाला देशातला पुरवठा ३१ लाख टन. यातलं २२ लाख टन तेलाच्या गाळपाला गेलं, १ लाख टन जनावरांना, १० हजार टन बियाण्याला, ४० हजार टन वाहतुकीत आणि साठवणीत नासलं. उरलं ७ लाख ५० हजार टन, ते खाण्याचं. भागिले १० कोटी, माणशी वर्षाला साडेसात किलो, म्हणजे दिवसाला साधारण २० ग्रॅम, म्हणजे प्रोटीन सात-आठ ग्रॅमच्या आसपास. फळ्यावर हे करून दाखवलं की पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात, कारण त्यांना वाटत असतं कुणीतरी घरोघर जाऊन विचारलंय की तुम्ही टोफू (सोयाबीनचं पनीर) किती खाल्ला. तसं कुणी विचारलेलं नसतं, हा सगळा वरून खाली येणारा हिशोब आहे, देशात आलं किती, गेलं किती, उरलं किती.

आता याच उदाहरणात एक गोष्ट बदलते. समजा गोदामात पडलं होतं खरं ५० हजार टन पण अंदाज दीड लाखाचा धरला. फरक फक्त १ लाख टनांचा, ३१ लाखांच्या पुरवठ्यात कुणाच्या लक्षातही येणार नाही एवढा, पण तो सगळा जर खाण्याच्या कप्प्यातून वजा झाला तर माणशी अख्खा एक किलो कमी होतो, साडेसातचे साडेसहा. म्हणजे ग्राफवर तेरा टक्क्यांची घसरण दिसेल आणि खाणाऱ्याच्या ताटात काहीच बदललेलं नसेल. सोयाबीनच्या बाबतीत हा धोका जास्त आहे कारण पुरवठ्याचा डोंगर मोठा आणि खाण्याचा हिस्सा त्याच्या पायथ्याशी छोटासा, डोंगर मोजताना जरा चूक झाली की ती सगळी त्या छोट्या ढिगाऱ्यावर येऊन पडते. त्यामुळे एखाद्याच वर्षी उडी किंवा खड्डा दिसला तर मी आधी साठ्याचा कॉलम बघते, मग प्रक्रियेचा, आणि मगच लोकांच्या आवडीनिवडीबद्दल बोलते.

लोकसंख्येचंही तेच. वरच्या देशात तेवढंच सोयाबीन राहिलं आणि माणसं ११ कोटी झाली तर साडेसातचे ६.८ किलो होतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवा, एकूण टन आणि माणशी किलो, नाहीतर निम्मी गोष्टच हाती लागते.

आता तेल. मला या सेवेत सगळ्यात जास्त शिकवलं कशाने तर या तेलाच्या ओळीने. ताळेबंदात सोयाबीन आणि सोयाबीन तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपल्या काल्पनिक देशात २२ लाख टन गाळपाला गेलं त्यातून १८-१९ टक्क्यांच्या हिशोबाने ४ लाख टन तेल निघतं, ते सगळं देशातच खाल्लं गेलं असं धरा, माणशी वर्षाला ४ किलो, दिवसाला ११ ग्रॅम, म्हणजे जवळपास १०० कॅलरी. आणि अख्खं सोयाबीन म्हणून जे २० ग्रॅम खाल्लं त्याच्या कॅलरी साधारण ८०-९०. म्हणजे लोक सोयाबीन ‘खातात’ त्यापेक्षा जास्त ऊर्जा त्यांना तळणीतून आणि फोडणीतून मिळते आणि सोयाबीनच्या ओळीत त्याचा पत्ताच नाही! उरलेली पेंड, सतरा लाख टनांच्या वर, ती कोंबड्यांना, डुकरांना, गाईंना जाते आणि अंडी, मांस, दूध या ओळींमध्ये परत येते, तिथे सोयाबीनचं नावसुद्धा नसतं. जगातलं साधारण तीन चतुर्थांश सोयाबीन असं जनावरांच्या पोटातूनच माणसापर्यंत येतं. १९६१ साली जगात पावणेतीन कोटी टनांच्या आतबाहेर सोयाबीन पिकायचं, आज ३५ कोटी टनांच्या वर पिकतं, आणि ही वाढ टोफूमुळे किंवा सोया दुधामुळे झालेली नाही, ती तेल आणि पेंड यांनी ओढलीय. हे वाक्य मी कितीतरी वेळा बोलत आले होते पण ते स्वतः कप्प्याकप्प्यातून मोजून बघितलं तेव्हा खरं कळलं.

पुढची गोष्ट नवीन माणसाला हमखास फसवते. एफएओ सोयाबीनला कडधान्यात धरत नाही, तेलबियांमध्ये धरते. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीने पूर्व आशियातल्या देशांचं वनस्पतीजन्य प्रोटीन काढलं, धान्य अधिक कडधान्य अधिक भाज्या, आणि प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी घाबरून मेसेज केला, मॅडम जपानमध्ये डाळी-कडधान्यातून प्रोटीन जवळजवळ येतच नाही, माझं काहीतरी चुकलंय का. तिचं गणित बरोबर होतं, फक्त टोफू, मिसो, नाट्टो हे सगळे सोयाबीनचे पदार्थ, ते सगळं तेलबियांच्या गटात जाऊन बसलेलं. गंमत म्हणजे जपानचं कृषी मंत्रालय स्वतःचा अन्न ताळेबंद काढतं त्यात सोयाबीन कडधान्याच्याच गटात आहे, कारण तिथे ते त्याच भावनेने खाल्लं जातं. दोन्ही पद्धतींना आपापलं कारण आहे, पण गटाचे आकडे घेण्यापेक्षा वस्तूवार आकडे घ्या आणि गट स्वतः बांधा, म्हणजे ही भानगडच नको.

सोया सॉस, सोया पेस्ट, टोफू असे तयार पदार्थ देशांमध्ये ये-जा करतात त्यांचं काय, हाही प्रश्न येतो. ते मूळ सोयाबीनच्या वजनात परत बदलून याच ओळीत घेतात. पद्धत चांगली आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा इशारा, इथे जरा थांबून वाचा. फाओस्टॅटवर अन्न ताळेबंदाच्या दोन मालिका आहेत, एक जुन्या पद्धतीची १९६१ ते २०१३ आणि दुसरी नव्या पद्धतीची २०१० पासून पुढे. मधल्या काळात हिशोबाची पद्धत बदलली, साठा, नासाडी, पशुखाद्य यांचे अंदाज लावण्याचे मार्ग बदलले, पर्यटकांनी खाल्लेलं वेगळं धरायला लागले, हिशोब जुळून जे उरतं त्याचा वेगळा कप्पा आला, लोकसंख्येचे आकडेही नवे घेतले. त्यामुळे २०१३ च्या शेवटच्या बिंदूला २०१४ चा बिंदू सरळ जोडला तर जी पायरी दिसते ती लोकांच्या खाण्यातली आहे की पद्धतीतली हे सांगताच येत नाही. संघटना स्वतः हे दोन डेटासेट वेगळे ठेवते आणि नावातच जुनी पद्धत असं लिहिते, तिच्याकडून लपवाछपवी काही नाही. घोळ होतो तो पुढे. एका तयार ग्राफ देणाऱ्या ॲपमध्ये (नाव घेत नाही) दोन्ही मालिका गुपचूप जोडून एकच रेघ काढलेली होती, त्यावरून एका देशात सोयाबीन खाणं एका वर्षात धाडकन पडलं असं दिसत होतं, आणि मी तो ग्राफ वर्गात दाखवला. एका मुलाने विचारलं, त्या वर्षी काय झालं होतं? मी दोन दिवस दुष्काळ, भाव, आयात शुल्क शोधत बसले. काहीच झालं नव्हतं. पुढच्या तासाला जाऊन मुलांना तसं सांगितलं आणि तेव्हापासून तयार ग्राफ वापरणं बंद केलं.

यावर उपाय सोपा आहे आणि सेवेतच आहे, २०१० ते २०१३ ही चार वर्षं दोन्ही मालिकांमध्ये आहेत. ती शेजारी शेजारी लावा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असतील तर रेघ जोडायला हरकत नाही, फरक असेल तर ग्राफमध्ये मोकळी जागा सोडा आणि दोन रेघा दोन रंगांत काढा, दिसायला जरा कमी सुंदर दिसेल पण खरं दिसेल. आणि फाइलमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी जो फ्लॅगचा कॉलम येतो तो डिलीट करू नका, आकडा अधिकृत आहे, अंदाजी आहे की भरून काढलेला आहे ते तिथे लिहिलेलं असतं. काही देशांत वर्षानुवर्षं खाण्याचा आकडा अंदाजीच असतो, तिथे अर्ध्या किलोच्या चढउतारावर निबंध लिहू नये.

एवढं सांभाळलं की मग मात्र ही सेवा जे दाखवते ते विलक्षण आहे. इंडोनेशिया घ्या. तिथे सोयाबीनचा मोठा भाग माणसंच खातात, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि टोफू म्हणून, तेलाचं गाळप नावालाच आहे कारण तेल पामचं. उत्पादन १९९२ मध्ये साडेअठरा लाख टनांच्या वर गेलं होतं, तो शिखराचा काळ, मग ते खाली खाली आलं, दहा लाख टनांच्याही आत, आणि आयात वाढत जाऊन २५ लाख टनांच्या आसपास पोचली. उत्पादनाची रेघ उतरतेय आणि आयातीची चढतेय, त्या दोघी एकमेकींना छेदून जातात, आणि खाण्याची रेघ त्यांच्यावर टेकून उभी आहे. हे तीन कॉलम एका पानावर बघितले की कळतं, टेंपे बनवणाऱ्याचं पोट अमेरिकेतल्या पिकावर कसं येऊन ठेपलं.

चीनमध्ये अगदी उलटं. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्यापुरतं भागवून थोडं बाहेर विकणारा देश, आणि २०२० मध्ये आयात १० कोटी टनांवर. एवढा महापूर आला पण माणशी खाण्याची ओळ त्या मानाने अगदी सावकाश हललीय, कारण आलेलं सोयाबीन जवळजवळ सगळं गाळपाला जातं, तेल कढईत आणि पेंड डुकरांच्या गव्हाणीत, टोफूसाठी तिथे मुख्यतः देशातच पिकलेलं सोयाबीन वापरतात. नुसती आयात बघून चीनमध्ये सोयाबीन खाणं प्रचंड वाढलं म्हणणाऱ्याला हे कप्पे दाखवावेत.

चीन निवडताना एक काळजी घ्या. यादीत ‘चीन’ आणि ‘चीन, मुख्य भूमी’ अशा दोन नोंदी आहेत, पहिलीत तैवान, हाँगकाँग, मकाव सगळं धरलंय, दोन्ही निवडून बेरीज केलीत तर दुप्पट होईल. सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया यांच्या रेघा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला संपतात आणि नवे देश सुरू होतात तेही लक्षात असू द्या.

ही सेवा एका ठिकाणी मात्र कमी पडते आणि मला त्याची खरंच हळहळ वाटते. सगळे आकडे वार्षिक आहेत. १९७२ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावर अँकोव्ही मासा आटला, पशुखाद्यासाठी फिशमील (माशांची भुकटी) मिळेना, सगळ्यांनी सोयाबीनकडे धाव घेतली, भाव भडकले, आणि २७ जून १९७३ ला अमेरिकेने सोयाबीनच्या निर्यातीवर बंदी घातली. जपान तेव्हा जवळजवळ सगळं सोयाबीन अमेरिकेकडून घ्यायचा. काही महिन्यांतच बंदी उठली, पण जपानला जो धक्का बसला त्यातूनच पुढे ब्राझीलच्या सेराडो भागात सोयाबीन उभं करायला जपानचा पैसा आणि तंत्रज्ञान गेलं, १९७९ पासून तो कार्यक्रम सुरू झाला, आणि आज ब्राझील जगात पहिल्या नंबरवर आहे. एवढ्या मोठ्या घटनेचे ते मूळ महिने वार्षिक आकड्यात विरघळून जातात. तसंच जानेवारी २०२१ चं, आयात सोयाबीनच्या भाववाढीविरुद्ध इंडोनेशियातल्या टेंपे-टोफूवाल्यांनी तीन दिवस काम बंद ठेवलं, बाजारातून टेंपे गायब. ताळेबंदात त्या तीन दिवसांची खूण राहूच शकत नाही. म्हणून मी ग्राफ दाखवताना या तारखा हाताने त्यावर लिहिते, रेघ तिथे सरळ दिसली तरी.

दुसऱ्या सेवांशी तुलना विचाराल तर अमेरिकेच्या कृषी खात्याचा पीएसडी (उत्पादन, पुरवठा आणि वितरण) डेटाबेस चांगला आहे, गाळप आणि खाण्याचा वापर वेगळा देतो, जास्त ताजाही असतो, पण तो पीक-हंगामाच्या वर्षाने चालतो आणि माणशी किती ते सांगत नाही, पोषणाचा भागच नाही त्यात. जपानचा स्वतःचा ताळेबंद १९६० पासून आहे पण तो एप्रिल ते मार्च अशा आर्थिक वर्षाचा, त्यामुळे तोच आकडा दोन ठिकाणी वेगळा दिसला तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका, वर्ष कुठून कुठपर्यंत धरलंय ते आधी बघा. अनेक देशांची तुलना आणि लांबचा पल्ला हवा असेल तर फाओस्टॅटच.

आणि शब्दांची एक विनंती, विशेषतः पत्रकारांना आणि सोशल मीडियावर ग्राफ टाकणाऱ्यांना. याला खप म्हणू नका, उपलब्धता म्हणा. हा आकडा घरात शिजून पोटात गेलेल्याचा नाही, बाजारातून घरापर्यंत पोचण्याइतक्या मालाचा आहे, घरी फ्रिजमध्ये आंबून फेकलेला टोफूही त्यात मोजलेला असतो, कारण नासाडीच्या कप्प्यात घरातली नासाडी येतच नाही. शिवाय ही सरासरी आहे, श्रीमंत-गरीब, शहर-गाव, लहान मूल-म्हातारा सगळे एकाच आकड्यात. कुणाला प्रोटीन कमी पडतंय हे शोधायचं असेल तर घरोघरच्या आहार पाहणीशिवाय पर्याय नाही, ताळेबंदाकडून ते काम मागणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा कापला तो दोन मालिकांच्या जोडासाठी, कारण वापरणाऱ्याने कुठे काळजी घ्यायची ते आकडे डाउनलोड करतानाच मोठ्या अक्षरात समोर यायला हवं असं मला वाटतं. शिक्षक, विद्यार्थी, पोषणावर काम करणारे, शेतीमालाचा व्यापार समजून घेणारे, सगळ्यांनी वापरावी अशी सेवा आहे. अगदी चालू वर्षाचे आकडे हवे असतील तर मात्र इथे मिळणार नाहीत, ताळेबंद जुळायला वेळ लागतो, साधारण दोनेक वर्षं मागे असतो तो.

आणि नवीन आवृत्ती आली की मागच्या वर्षांचे आकडेसुद्धा दुरुस्त होतात, म्हणून फाइल सेव्ह करताना नावातच डाउनलोडची तारीख लिहा. माझ्याकडे एकाच देशाच्या सोयाबीनच्या अशा चार फाइली आहेत, आणि मुलांना पहिल्या तासाला मी त्या चारही उघडून दाखवते.